चालत्या यंत्राशी संवाद



गाण्याच्या बैठकीला थोडे लवकर जाण्याची सवय ज्यांना आहे, त्यांनी तंबोरे लागताना पाहिले असतील. गवई एका हाताने तार छेडतो, दुसऱ्या हाताने खुंटी पिळतो आणि कान तारेशी नेतो. स्वर उतरलेला वाटला तर खुंटी जराशी आवळतो. मग खालचा मणी केसभर सरकवतो. घोडीवरचा दोरा हलवून पाहतो. छेडणे, ऐकणे आणि दुरुस्त करणे या तीन क्रिया त्याच्या हाती वेगळ्या राहतच नाहीत. आता अशी कल्पना करा की, खुंटी आज पिळायची, तंबोरा एका कारकुनाच्या स्वाधीन करायचा आणि तार कशी वाजली याचा लेखी अहवाल उद्या सकाळी घ्यायचा. अशा रीतीने तंबोरा कधी लागणारच नाही असे नाही. पण गवई मात्र लवकरच गाणे सोडून देईल.

संगणकाच्या इतिहासाची पहिली वर्षे थेट अशीच गेली. यंत्राने काय करावे याच्या सूचनांची जी माळ आपण रचतो, तिला आज्ञावली म्हणतात. बोलण्यात आपण तिलाच प्रोग्राम म्हणतो. १९५० नंतरच्या दशकात ही आज्ञावली भोके पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यावर उतरवावी लागे. गठ्ठा यंत्रशाळेच्या खिडकीत द्यायचा, आपली पाळी येण्याची वाट पाहायची आणि छापील कागद हाती आला म्हणजे कळायचे की, एका ठिकाणी स्वल्पविराम चुकला होता. पुन्हा कार्ड, पुन्हा खिडकी, पुन्हा वाट पाहणे. ही व्यवस्था कोणा दुष्ट माणसाने योजलेली नव्हती. यंत्राचा एक तास अतिशय महाग होता आणि त्या मानाने माणसाचा एक दिवस स्वस्त होता. म्हणून यंत्राने क्षणभरही रिकामे राहू नये आणि माणसाने खुशाल ताटकळावे, असा हिशेब त्या काळाने केला.

हा हिशेब उलटा करणाऱ्या माणसांची हकीकत आज आपल्यापुढे मांडावयाची आहे. यंत्र चालू असतानाच त्याच्याशी बोलता यावे, त्यात बदल करता यावा आणि बदलाचा परिणाम तत्क्षणी डोळ्यांना दिसावा, एवढीच त्यांची इच्छा होती. ती पुष्कळ अंशी फळाला आली. परंतु जगाने त्या फळाची साल उचलली आणि गर टाकून दिला, अशी माझी समजूत आहे. ती बरोबर की चूक हे आपण शेवटी ठरवावे.

पहिली चीर पडली ती एका कागदी सिद्धान्तामुळे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली लिस्प नावाची संगणकभाषा रचण्यास आरंभ केला. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्यांनी असे एक सूत्र मांडले की, त्या भाषेतील कोणत्याही वाक्याचे मोल काढण्याची कृती त्याच भाषेत लिहिता येते. मॅकार्थींच्या लेखी हे सूत्र वाचून समजून घेण्यासाठी होते. त्यांचा तरुण सहकारी स्टीव्ह रसेल याला मात्र वाटले की, हे यंत्रावर चढवता येईल. आणि त्याने ते चढवलेही. त्यातून पुढे संवादाची एक रीत निघाली. माणसाने एक वाक्य द्यायचे, यंत्राने त्याचे मोल काढून उत्तर छापायचे आणि पुढच्या वाक्याची वाट पाहायची. ताटकळण्याची पाळी आता यंत्रावर आली!

त्याच संस्थेत नोव्हेंबर १९६१ मध्ये फर्नांडो कॉर्बाटो यांनी एकच यंत्र अनेकांमध्ये क्षणाक्षणाने वाटून देण्याची पद्धत दाखवली. प्रत्येकाला वाटे की, यंत्र आपल्या एकट्याचेच आहे. १९६३ च्या प्रारंभी आयव्हान सदरलँड यांनी आपल्या प्रबंधासाठी स्केचपॅड तयार केले. त्यात प्रकाशलेखणीने पडद्यावर रेषा काढता येत. या दोन रेषा समांतर असाव्यात असे सांगितले की, यंत्र त्या समांतर करून देई. एका मूळ आकृतीच्या पुष्कळ प्रती काढून ठेवल्या आणि नंतर मूळ आकृती बदलली, तर सगळ्या प्रती आपोआप बदलत. १ मे १९६४ रोजी पहाटे चार वाजता डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ या दोन गणिताच्या प्राध्यापकांची बेसिक भाषा प्रथम चालली. ती शास्त्र न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीही होती. १९६७ मध्ये सेमूर पेपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी लोगो ही भाषा थेट मुलांच्या हाती दिली.

हे सर्व धागे ज्या माणसाने एकत्र विणले त्याचे नाव ॲलन के. के यांनी गणित आणि रेणूंचे जीवशास्त्र हे विषय घेऊन पदवी मिळवली होती. १९६८ साली त्यांनी पेपर्ट यांचे मुलांबरोबर चाललेले काम पाहिले आणि त्यांच्या मनाने घेतले की, संगणक हे कारखान्याचे यंत्र नसून पुस्तकासारखे माध्यम आहे. झेरॉक्स कंपनीने १९७० साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे संशोधनकेंद्र काढले, तेथे ते गेले. १९७२ च्या एका निबंधात त्यांनी वहीएवढ्या संगणकाचे स्वप्न रंगवले आहे. त्यात दोन मुले गवतावर बसून अवकाशयानांचा खेळ खेळत असतात. खेळता खेळता, यात सूर्याचे गुरुत्वाकर्षण असते तर काय झाले असते, असा प्रश्न पडतो. आणि मुले खेळच बदलायला लागतात. माझ्या मते या चित्रात वहीएवढ्या यंत्राला फारसे महत्त्व नाही. खेळ ज्यांनी खेळायचा त्यांनाच तो बदलता येतो, ही त्यातील मुख्य गोष्ट आहे.

त्या स्वप्नासाठी जी भाषा रचली गेली तिचे नाव स्मॉलटॉक, म्हणजे गप्पागोष्टी. के यांनी तिची व्याख्या एका पानात बसवली आणि ऑक्टोबर १९७२ मध्ये डॅन इंगल्स यांनी ती एका लहान संगणकावर चालवून दाखवली. पहिला हिशेब होता तीन अधिक चारचा. उत्तर यायला फार वेळ लागे, पण ते नेहमी सातच येई! पुढे १९७३ मध्ये त्याच केंद्रात आल्टो हा व्यक्तिगत संगणक तयार झाला आणि स्मॉलटॉकला घर मिळाले. अडेल गोल्डबर्ग यांनी मुलांना शिकवण्याचा भाग अंगावर घेतला. बारा वर्षांच्या एका मुलीने चित्रे काढण्याची आज्ञावली स्वतः रचली आणि पुढे इतर मुलांचा वर्गही घेतला.

आता क्षणभर थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. चालत्या यंत्रात बदल करायचा म्हणजे नक्की काय, आणि तो सगळीकडे का करता येत नाही? आपल्याकडील जुन्या वाड्याचे उदाहरण घ्या. वाड्यात बिऱ्हाडे नांदत असतानाच एखादी भिंत पाडून नवी बांधता येते, पण केव्हा? वाड्याचा भार लाकडी खांब-तुळयांवर असेल आणि ती भिंत नुसती आडोसा म्हणून असेल तेव्हा. सगळा भार भिंतींवरच असेल, तर एका भिंतीला हात लावताच छप्पर खाली येईल. तात्पर्य, राहत्या घराची दुरुस्ती हा गवंड्याच्या हिकमतीचा प्रश्न नसून मूळ वास्तुरचनेचा प्रश्न आहे. आज्ञावलीचेही तसेच आहे. तिचे भाग एकमेकांच्या पोटात शिरलेले असतील, तर एक भाग बदलण्यासाठी सर्व बंद करून पुन्हा उभारावे लागते.

के यांनी येथे जीवशास्त्राची शिदोरी सोडली. शरीरातील पेशी सतत मरतात, नव्या जन्मतात आणि तरीही माणूस चालत-बोलत राहतो. कारण प्रत्येक पेशीला स्वतःचे आवरण आहे आणि ती शेजारणीशी केवळ संदेशाने व्यवहार करते. स्मॉलटॉकमध्ये प्रत्येक गोष्ट अशीच स्वतंत्र वस्तू आहे. आकडा ही वस्तू, शब्द ही वस्तू, पडद्यावरील खिडकीही वस्तूच. एक वस्तू दुसरीच्या पोटात हात घालत नाही. ती फक्त निरोप पाठवते. निरोपाचे काय करायचे हे घेणारी वस्तू निरोप पोचतेवेळी ठरवते. म्हणून त्या वस्तूची वागण्याची रीत मध्येच बदलली, तर पुढच्या निरोपापासून नवी रीत लागू होते आणि बाकीच्यांचे काम अडत नाही.

याच पायावर जे घर उभे राहिले ते पुष्कळांना आजही नवल वाटावे असे आहे. १९७६ च्या आवृत्तीसाठी लॅरी टेस्लर यांनी एक न्याहाळक बनवला. त्यात संपूर्ण प्रणालीचा कोणताही कप्पा उघडून तो वाचता येई आणि तेथेच बदलता येई. न्याहाळकाचा स्वतःचा मजकूरही त्याला अपवाद नव्हता. चूक झाली तर आज्ञावली कोसळत नसे. ती चुकीच्या जागी थबके, आतले सर्व काही दाखवी, आणि माणसाने चूक सुधारली की तेथूनच पुढे चालू लागे. रात्री काम थांबवताना सगळ्या वस्तू आहेत त्या अवस्थेत साठवल्या जात आणि सकाळी, जणू डोळा लागून उघडावा, तशा पुन्हा जाग्या होत. नॉर्वेचे त्रिग्वे रीन्सकाउग १९७८-७९ मध्ये तेथे पाहुणे म्हणून आले. त्यांनी मूळ माहिती, तिचे पडद्यावरील दर्शन आणि माणसाच्या हालचाली टिपणारा भाग हे तिन्ही वेगळे ठेवण्याची मांडणी दिली. आज बँकेची किंवा रेल्वेची कोणतीही संकेतस्थळे रचताना या विभागणीचे काही ना काही रूप वापरले जाते.

आता डिसेंबर १९७९. झेरॉक्स कंपनीने ॲपल या तरुण कंपनीत दहा लाख डॉलर गुंतवले होते आणि त्या व्यवहारात ॲपलच्या मंडळींना संशोधनकेंद्र दाखवण्याचे ठरले होते. आपली विद्या अशी परक्यांपुढे उघडी करणे गोल्डबर्ग यांना मुळीच पसंत नव्हते. वरिष्ठांचा हुकूम आला तेव्हाच त्या राजी झाल्या. पाहुण्यांत स्टीव्ह जॉब्स होते. के यांनी १९९३ साली लिहिलेल्या आठवणींत त्या दिवसाचा एक प्रसंग आहे. पडद्यावरील मजकूर टप्प्याटप्प्याने वर सरकत होता. ते जॉब्सना आवडले नाही. तो सलग, संथपणे सरकू शकेल काय, असे त्यांनी विचारले. इंगल्स यांनी संबंधित कप्पा उघडला, त्यात फेरफार केला, आणि मिनिटभराच्या आत मजकूर संथपणे सरकू लागला. यंत्र थांबवले नव्हते, खिडक्या मिटल्या नव्हत्या. पाहुण्यांतील जे जाणते प्रोग्रामर होते ते थक्क झाले.

श्रोतेहो, या प्रसंगात दोन गोष्टी एकाच पडद्यावर हजर होत्या. एक डोळ्यांना दिसणारी: खिडक्या, चित्रे, माउस. दुसरी त्या मिनिटभरात घडून गेलेली: आवडले नाही म्हणून तेथल्या तेथे बदलले, ही मुभा. पाहुण्यांनी पहिली गोष्ट घरी नेली. तिच्यातून १९८३ मध्ये लिसा आणि १९८४ मध्ये मॅकिंटॉश हे संगणक आले, आणि पुढे सर्व जगाचे पडदे तसेच दिसू लागले. मात्र त्या नव्या खिडक्या आतून शिवून बंद केलेल्या होत्या. संथ सरकणारा मजकूर ज्याला हवा, त्याने आता कंपनीच्या पुढच्या आवृत्तीची वाट पाहायची. पुढे जॉब्स यांनीच एका मुलाखतीत कबूल केले की, त्या भेटीत मला तीन गोष्टी दाखवल्या होत्या, पण पहिलीने माझे डोळे इतके दिपले की, उरलेल्या दोन दिसल्याच नाहीत. न दिसलेल्यांपैकी एक म्हणजे वस्तूंची ही रचना.

असाच प्रकार पुन्हा एकदा घडला, आणि त्याचा एक धागा भारताशी जुळलेला आहे. क्रिस्टोफर अलेक्झांडर हे घरे बांधण्याच्या शास्त्रातले पंडित. तरुणपणी ते गुजरातेतील एका खेड्यात राहिले होते आणि १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात एका भारतीय खेड्याच्या रचनेचे उदाहरण विस्ताराने सोडवलेले आहे. पुढे १९७७ च्या ग्रंथात त्यांनी, घरात जे राहणार त्यांनाच आपल्या घराची रचना करता यावी यासाठी, अनुभवसिद्ध नमुन्यांची एक भाषाच मांडली. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम हे स्मॉलटॉकमध्ये काम करणारे दोघे. त्यांनी १९८७ मध्ये हा विचार उचलून एक प्रयोग केला. प्रोग्रामर नसलेल्या, पण आपापल्या कामात वाकबगार असलेल्या माणसांना त्यांनी पाच नमुने शिकवले आणि स्वतःच्या कामाच्या खिडक्या स्वतःच योजायला लावल्या. १९९४ मध्ये चार लेखकांचा तेवीस नमुन्यांचा ग्रंथ निघाला आणि तो जगभर गाजला. पण तो वाचला व्यावसायिकांनी. नमुने राहिले, रहिवाशाने स्वतःचे घर रचावे हा मूळ हेतू मागे पडला.

येथे कोणी म्हणेल की, हे एका बाजूचे वकीलपत्र झाले. आक्षेप रास्त आहे, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. स्मॉलटॉकला मोठी स्मृती आणि वेगवान यंत्र लागे, आणि १९८० नंतरची कितीतरी वर्षे ही दोन्ही महाग होती. व्यावसायिक परवानेही स्वस्त नव्हते. उलट १९९५ मध्ये आलेली जावा भाषा फुकट मिळत होती. दुसरी अडचण अधिक खोल आहे. जे घर कधी बंदच होत नाही, ते मुळात कसे बांधले गेले हे काही वर्षांनी घरमालकालाही सांगता येत नाही. कागदावर लिहिलेली आज्ञावली कोऱ्या यंत्रावर पुन्हा उभी करता येते. दहा माणसांचे दहा कागद पडताळून एक करता येतात. दहा जणांची दहा जिवंत घरे एक करणे त्याहून कठीण. त्यावर उपायही निघाले, पण ते त्या गावापुरतेच राहिले. आणि ज्या प्रणालीवर हजारोंची बँकखाती आहेत, तीत कोणीही उठून मिनिटभरात फेरफार करावा असे आपल्यापैकी कोणाला वाटेल? शेवटची गोष्ट के यांनीच प्रांजळपणे लिहून ठेवली आहे. प्रोग्रामर नसलेल्या प्रौढांना स्मॉलटॉक शिकवले, तेव्हा दाखवलेले त्यांना समजे. पण साधी पत्त्यांची नोंदवही स्वतः योजायला सांगितली की ते अडत. दार उघडे असणे वेगळे आणि घर बांधता येणे वेगळे. त्यासाठी शिक्षण लागते, आणि तो मार्ग लांबचा आहे.

मग हा विचार संपला काय? नाही. १९७९ सालीच डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी व्हिसीकॅल्क ही हिशेबाची आज्ञावली बाजारात आणली. चौकटीतील एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सर्व आकडे तत्क्षणी बदलतात, हे तिचे मर्म. आज आपल्या गावातील पतपेढीचा कारकून किंवा दूधसंस्थेचा सचिव एक्सेलच्या चौकटीत सूत्र घालतो, तेव्हा तो चालते यंत्र बदलीत असतो. त्याला कोणी प्रोग्रामर म्हणत नाही, तोही स्वतःला म्हणवीत नाही. पण काम तेच आहे. स्मॉलटॉकच्या कुळातील सेल्फ या भाषेसाठी शोधलेल्या वेगाच्या युक्त्या पुढे जावाच्या आणि जावास्क्रिप्टच्या पोटात गेल्या. २००१ मध्ये फर्नांडो पेरेझ यांनी सुरू केलेल्या संवादी साधनातून ज्युपिटर ही प्रयोगवही निघाली. तीत शास्त्रज्ञ एक ओळ लिहितात, उत्तर पाहतात, पुढची ओळ लिहितात. लिस्पच्या संवादाचीच ही नातवंडे.

आणि मुले? १९९६ मध्ये के आणि इंगल्स यांच्या मंडळींनी स्क्वीक नावाचे स्मॉलटॉक सर्वांना मोफत खुले केले. २००७ मध्ये सर्वांसाठी आलेला स्क्रॅच हा मुलांचा प्रोग्रामिंगचा खेळ आरंभी स्क्वीकवरच उभा होता. त्याच वर्षी गरीब देशांतील मुलांसाठी बनवलेला हिरवा-पांढरा लहान संगणक आपल्या रायगड जिल्ह्यातील एका छोट्या गावच्या शाळेत आला. त्या संगणकात स्क्वीकवर आधारलेले एक साधन होते, आणि त्याच्या कळफलकावर चालू आज्ञावलीचा मजकूर उघडून दाखवण्यासाठी एक स्वतंत्र कळ योजली होती. ती योजना जगभर जेवढी गाजली तेवढी टिकली नाही. परंतु ती कळ मला त्या सगळ्या इतिहासाचे सार वाटते. तू जे वापरतो आहेस ते कसे बनले आहे हे पाहण्याचा तुला अधिकार आहे, असे एका मुलाला सांगणारी ती कळ होती. आज आपल्या खिशातील फोनवर तशी कळ नाही.

बँकेची तिजोरी सर्वांना उघडी असावी असे माझे म्हणणे नाही. पण शाळेतील यंत्र, घरातील यंत्र, आपल्या रोजच्या कामाचे यंत्र यांच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. तंबोरा बनवणारा कारागीर मिरजेला असतो. पण खुंटी मात्र गवयाच्या हाती असते. कारागिराने ती सरस लावून पक्की करून पाठवली आणि सूर आम्हीच ठरवू असे म्हटले, तर आपण तो तंबोरा घेऊ काय? १९७९ साली पालो आल्टोच्या त्या खोलीत एका माणसाने मिनिटभरात खुंटी पिळून दाखवली होती. पाहणाऱ्यांनी तंबोऱ्याचा रंग लक्षात ठेवला. निदान आपल्या मुलांना तरी खुंटीची ओळख करून द्यावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.